मराठीतून इंग्रजी शिकवणारं भाषांतराचं पुस्तक, आठ महिने वापरल्यावर

बरेच दिवस लिहीन म्हणत होते. मागच्या दिवाळीनंतर अप्पा बळवंत चौकातून जुन्या पद्धतीचं भाषांतराचं पुस्तक आणलं, म्हणजे वर मराठी वाक्यं, आपण वहीत इंग्रजी करायची आणि शेवटी उत्तरं. आणायचं कारण ऑफिसातलं. मी चाकणला अकाउंट्सला आहे, शाळा पूर्ण मराठी मीडियम, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली), त्यामुळे वाचलेलं कळतं पण लिहायची वेळ आली की हात थांबतो. इंग्लंडच्या एका सप्लायरच्या बिलात आकडे जुळत नव्हते, मी मेल केला, 'वी हॅव डाउट इन युअर इन्व्हॉइस'. माझ्या मनात साधं 'बिलाबद्दल एक शंका आहे' एवढंच होतं. तिकडून एकदम तुटक उत्तर आलं, साहेबांना सीसी करून. मग साहेबांनी समजावलं की तिकडे डाउट म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं, शंका विचारायची तर क्वेश्चन नाहीतर क्वेरी. मला फार लागलं ते, कारण एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं आणि तरी समोरचा माणूस दुखावला.

पहिले दोन महिने काही फरक पडला नाही हे खरं सांगते. काळांचे तक्ते पाठ केले, रोज दहा वाक्यं केली, उत्तरं जुळवली, पुढे गेले. फरक पडला तो उलटं भाषांतर सुरू केल्यावर. म्हणजे आज केलेलं इंग्रजी चार दिवसांनी उघडायचं, मूळ मराठी झाकायचं आणि आपल्याच इंग्रजीचं पुन्हा मराठी करायचं, शब्दाला शब्द. 'मी काल डोळे तपासले' याचं मी केलं होतं 'आय चेक्ड माय आइज'. उलटं करताना दिसलं की या वाक्यात डॉक्टर कुठेच नाही, मीच माझे डोळे तपासतेय! आपल्या मराठीत डॉक्टर न सांगता कळतो, इंग्रजीत 'आय हॅड माय आइज टेस्टेड' म्हणावं लागतं. केस कापले, ब्लाउज शिवला, सगळ्याला हेच. हा नियम पुस्तकात होता, मी तो वाचलाही होता, पण डोक्यात बसला तो त्या दिवशी.

तसंच 'आहे'चं. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, आपल्याकडे कधी 'मला' तर कधी 'माझ्याकडे' आणि इंग्रजीत तिन्हीला एकच हॅव. आणि -शी बघा, त्याच्याशी बोलले याला टू, त्याच्याशी भांडले याला विथ, आणि त्याच्याशी लग्न केलं याला काहीच नाही, नुसतं 'शी मॅरीड हिम'. मी आयुष्यभर मॅरीड विथ म्हणत आले. आता -शी, -ला, -वर असं प्रत्येकाचं वहीत एक पान केलंय, क्रियापद सापडलं की त्या पानावर जातं. पासूनचं पान सगळ्यात उपयोगी पडलं, सोमवारपासून म्हटलं तर सिन्स, तीन दिवसांपासून म्हटलं तर फॉर, आणि दोन्हीकडे हॅव बीन, 'आय अ‍ॅम वेटिंग फ्रॉम थ्री डेज' नाही. ऑफिसात पेमेंट फॉलोअपचे अर्धे मेल याच वाक्यावर चालतात.

आपण आणि आम्ही दोन्हीला वी, हे तर माहीतच असतं, पण मेलमध्ये 'वी विल डिस्कस' लिहिलं की सप्लायरला कळत नाही त्याला धरून की सोडून. म्हणून मी आता 'विथ यू' किंवा 'इंटर्नली' जोडतेच.

पुस्तकाच्या कमतरता आहेत. उच्चार अजिबात नाहीत, अवरला अ‍ॅन आणि युनिव्हर्सिटीला अ का हे स्पेलिंग बघून कळणार नाही, ते आवाजावर आहे, मला भाचीने सांगितलं. जुन्या वळणाचं शॅल जिथे तिथे. उत्तर एकच देतात, त्यामुळे आपलं बरोबर असलेलं वाक्यही चुकलं असं वाटत राहतं, निदान दोन तरी द्यायला हवी होती. बोलणं यातून सुधारलं नाही, त्यासाठी बोलायलाच पाहिजे. मोबाईलचं भाषांतर मी सोडलेलं नाही, घाईत वापरते, पण त्याने दिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी माझ्या हातून येत नाही, वहीतलं येतं.

सध्या 'तो म्हणाला'च्या धड्यावर आहे, हा सगळ्यात अवघड जातोय. आपण सरळ 'ड्रायव्हर म्हणाला मी चारला पोचतो' म्हणतो. परवा तोच निरोप मेलमध्ये टाकताना 'ड्रायव्हर सेड आय विल रीच अ‍ॅट फोर' लिहिलं, पाठवायच्या आधी सवयीने उलटं करून बघितलं, तर इंग्रजीत तो 'आय' म्हणजे मेल लिहिणारी मी, त्यामुळे चारला मी पोचणार असं निघालं. खोडून 'ही वुड रीच अ‍ॅट फोर' केलं आणि मग पाठवलं.