आठ महिने, तीन बागा आणि घसरगुंडीखालची जमीन

गेल्या आठवड्यात लेकीच्या हनुवटीला दोन टाके पडले. घसरगुंडीवरून ती नीट बसून खाली आली, पण खालच्या रबरी लादीचं टोक उचकटलेलं होतं. त्यात पाय अडकून ती पुढे पडली आणि लादीखालच्या सिमेंटवर आपटली. बाग आमच्या गल्लीतली, छोटी. नाव लिहीत नाही, कारण अशी लादी कुठल्याही बागेत सापडेल.

नोव्हेंबरात आम्ही दादरला राहायला आलो. लेक साडेचार वर्षांची. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक तास मैदान किंवा बाग, हा नियम. मॉलमधल्या खेळघरात दोनदा नेलं. तासाचे पाचशे रुपये, वर ते विकतील तेच मोजे घालायचे. तेवढ्यात आमची आठवड्याची भाजी येते, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

शिवाजी पार्कबद्दल माझं मत आठ महिन्यांत पार बदललं. हिवाळ्यात मी वैतागले होते. लाल मातीचा धुरळा केसांत, डब्यात, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात. लेक रात्री खोकायची. चार वाजता नेलं की क्रिकेटचे इतके डाव एकमेकांत घुसलेले असतात, की लहान मुलाला मधून चालवत नेणंही जोखमीचं. फेब्रुवारीत मी घरी सांगून टाकलं होतं, की हे मैदान मोठ्यांचं आहे. मग सकाळी साडेसहाला जायला लागलो आणि वेगळंच मैदान दिसलं. दव पडल्यामुळे धूळ बसलेली आणि पळायला ऐसपैस जागा. अठ्ठावीस एकरांचं हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क होतं. शिवाजी महाराजांचं नाव १९२७ मध्ये दिलं गेलं. शंभर वर्षं ही जागा मोकळी राहिली, हे इथल्या जमिनीचे भाव ऐकल्यावर जास्तच कळतं. भोवतीचा कट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. माझा हात धरून लेक त्यावरून अर्धी फेरी चालते. तोल सांभाळायला याहून चांगलं साधन मला कुठल्या खेळघरात दिसलं नाही. समर्थ व्यायाम मंदिरातली मुलं मल्लखांबावर चढताना ती तोंड उघडं टाकून बघत राहते. पुढच्या वर्षी तिला तिथे घालायचा विचार आहे.

एप्रिल-मे मात्र दादर-माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनचे. मुंबईतल्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारायला नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली आणि घरांच्या मधे बागा सोडल्या. त्या झाडांची सावली आज आपली मुलं वापरतात. उन्हाळ्यात साडेचारलाही तिथे बसवतं. छोटी सायकल शिकवायची तर तिथेच.

आता घसरगुंडीखालच्या जमिनीकडे येते, कारण टाके पडल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. गल्लीतल्या बागेत घसरगुंडीखाली रबरी लाद्या आणि झोक्याखाली वाळू. नोव्हेंबर ते मार्च मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक आईला लाद्यांचं कौतुक सांगितलं. कपडे मळत नाहीत, वाळू घरात येत नाही. एप्रिलमध्ये चार वाजता लेकीने चप्पल काढली आणि किंचाळली, इतक्या त्या तापलेल्या. जूनमध्ये खाली पाणी शिरलं, चिकटवलेलं सुटलं आणि कडा वर आल्या. मी दोनदा लेखी तक्रार दिली. पोचपावती मिळाली, माणूस आला नाही.

टाके पडल्यावर मी वाचायला बसले. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत चार फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी नऊ इंच वाळू सांगितली आहे. गवत आणि साधी माती त्यांच्या हिशेबात पुरेशीच नाही. हे वाचून मी शिवाजी पार्कच्या मातीबद्दलही सावध झाले. पळून पडायला ती चालेल, उंचावरून पडायला नाही.

मग पट्टी घेऊन बागेत गेले. झोक्यांच्या कडेला वाळू आठ इंच होती आणि बरोबर झोक्याखाली, जिथे मुलं पाय घासतात तिथे, दोन इंच. म्हणजे पडण्याच्या जागीच वाळू नाही. माळीकाकांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, “ताई, वाळू आहे, फक्त सरकलीय.” त्यांनी फावड्याने कडेची वाळू मधे ओढली. दहा मिनिटांचं काम. आता ते रोज सकाळी झाडलोट झाली की तेवढं करतात, कुणी न सांगता. उचकटलेली लादीही त्यांनीच काढून बाजूला ठेवली आणि घसरगुंडीला दोरी बांधली.

नवीन बागेत मूल नेणाऱ्यांनी रंगीत खेळण्यांकडे नंतर बघा. आधी झोक्याखाली बोट खुपसा आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी लादीची कड चपलेने दाबून बघा. उन्हाळा असेल तर लादीवर आणि पत्र्याच्या घसरगुंडीवर स्वतःचा तळहात ठेवा.

काल संध्याकाळी झोक्याखाली पुन्हा मोजलं. साडेसहा इंच. अडीच इंच वाळू अजून हवी आहे, आणि तिसरी तक्रार मी त्या पट्टीचा फोटो जोडून दिली आहे.