आधी राग, मग क्षमा : वसईच्या किनाऱ्यावरील एका निवासी साधनेचे परीक्षण

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात वसईच्या पश्चिम पट्ट्यातील धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, प्रवचने, क्रुसाची वाट आणि एकदिवसीय साधना यांची रेलचेल असते, आणि त्यांत क्षमेवर एखादे प्रवचन हमखास होते. केवळ राग आणि क्षमा एवढ्याच विषयाला वाहिलेले तीन दिवसांचे निवासी शिबिर मात्र आपल्याकडे क्वचितच भरते. किनाऱ्यालगतच्या एका साधनागृहात यंदा असे शिबिर झाले. एक फादर आणि समुपदेशनाचे शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर अशा दोघांनी ते चालवले. शुल्क ठरलेले नव्हते, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पाकिटात घालायचे होते, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही प्रवेश होता. पुढच्या वेळी कोणाला जावेसे वाटले तर उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अशा शिबिराची आपल्या भागाला किती गरज आहे, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. जमिनीला भाव आला तसे बांधाचे, विहिरीच्या पाळीचे आणि सातबारावरच्या नावांचे वाद वाढले, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका रहाटाच्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगवणारी घरे एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकीनाशी झाली. माझाही वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून सख्ख्या चुलतभावाशी अनेक वर्षांचा अबोला आहे. आम्ही दोघे एकाच चर्चमध्ये, बहुधा एकाच मिस्सेला, म्हणजे उपासनेला, असतो, आणि तिथे एकमेकांना शांती देण्याची, म्हणजे सलोख्याचे अभिवादन करण्याची, वेळ आली की दोघेही दुसरीकडच्या बाकाकडे वळतो. अशा माणसाला ‘प्रभूने क्षमा केली, तशी तुम्हीही करा’ एवढेच सांगून परत पाठवले, तर तो मान डोलावतो आणि राग जसाच्या तसा घरी घेऊन जातो. या शिबिराचे मोल माझ्या मते यातच आहे, की इथे क्षमेकडे ढकलण्याची घाई कोणी केली नाही. आधी राग नीट मांडायला लावला, मग क्षमा करणाऱ्याला काय सोसावे लागते ते सांगितले, आणि ती करायची की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडले.

पहिला दिवस पूर्णपणे रागाचा होता. फादरांनी सुरुवातच अशी केली की राग येणे हे पाप नव्हे. वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बरे केले जाते की काय, यावर टपून बसलेल्या लोकांकडे येशूने रागाने पाहिले आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे तो खिन्न झाला, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. मंदिरातला बाजार उठवताना त्याने दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, केला, हे योहान सांगतो. प्रेषित पौलही इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात रागावूच नका असे म्हणत नाही. रागाच्या भरात पाप करू नका, सूर्य मावळेपर्यंत राग धरून बसू नका आणि सैतानाला वाव देऊ नका, असे तो बजावतो. बालपणापासून ‘राग गिळ’ एवढेच ऐकत आलेल्या आमच्यासारख्यांना हे वचन संदर्भासह समजावून सांगितले गेले, याचे मला फार बरे वाटले.

दुपारी याहून धाडसाची गोष्ट घडली. शिबिरार्थींना आळीपाळीने उभे करून बायबलमधील शापवचने असलेली स्तोत्रे मोठ्याने वाचायला लावली. १०९ व्या स्तोत्रात शत्रूची मुले पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो, अशी सरळ मागणी आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या प्रहरांच्या प्रार्थनाग्रंथातून, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांच्या पुस्तकातून, ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे वगळण्यात आली, त्यामुळे ती आपल्या कानांवर जवळजवळ पडतच नाहीत. वाचन संपल्यावर सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला : हे सर्व स्तोत्रकर्ता कोणाला सांगतो आहे? तो ते देवाला सांगतो आहे. शत्रूच्या दारात जाऊन तो हे बोललेला नाही, आणि स्वतःच्या घरातल्यांवरही त्याने ते काढलेले नाही. मनातले सगळ्यात वाईट शब्द प्रार्थनेत बोलता येतात आणि ते तिथेच ठेवून उठता येते, ही गोष्ट त्या दुपारी जितकी पटली तितकी कोणत्याही प्रवचनाने पटली नव्हती. त्यानंतरचे श्वास मोजण्याचे आणि शरीरातील ताण ओळखण्याचे सत्र वाईट नव्हते, परंतु ही माहिती आता कोठेही मिळते आणि त्यासाठी तास खर्च करण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मत्तयच्या अठराव्या अध्यायातील निर्दय सेवकाचा दाखला घेतला होता, आणि माझ्या मते संपूर्ण शिबिराचा कणा हाच होता. सात वेळा क्षमा करू का, असे पेत्र विचारतो आणि त्याला सातांच्या सत्तर पट असे उत्तर मिळते, इथपर्यंत सर्वांना पाठ असते. फादर त्यापुढच्या हिशेबावर थांबले. राजाने दया येऊन सेवकाचे कर्ज सोडले, पण त्याच सेवकाने आपल्या कर्जासाठी सोबत्याला तुरुंगात टाकले, असा हा दाखला आहे. राजाचे येणे, म्हणजे वसूल व्हायचे कर्ज, दहा हजार तालांत होते आणि त्या सेवकाला त्याच्या सोबत्याकडून शंभर दिनार यायचे होते. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे एकीकडे ६ कोटी दिवसांची मजुरी आणि दुसरीकडे १०० दिवसांची. प्रवचनकार सहसा दुसरी रक्कम क्षुल्लक ठरवून पुढे जातात. फादरांनी तसे केले नाही. तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी हातची गेली तर वाडीवर राबणाऱ्या घराचे काय होते, असे त्यांनी विचारले, आणि तुमचे येणे खरे आहे, ते लहान आहे असे येशूनेही म्हटलेले नाही, हे ठासून सांगितले. ते सोडायचे तर आपल्याला आधी किती सोडले गेले आहे हे ओळखूनच सोडता येते.

मग प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन आपले येणे लिहून काढायला सांगितले. ‘त्याने मला दुखावले’ असे मोघम लिहिलेले चालणार नव्हते. काय गेले, केव्हा गेले आणि त्यातले काय भरून येण्यासारखे आहे, हे वेगवेगळ्या ओळींत हवे होते. मी लिहिले : ऐन वैशाखात पंपाची वायर तोडली, त्यात पानवेलीचा मळा वाळला. आईच्या अंत्यविधीला तो आला नाही. मी दस्त फिरवले असे गावभर सांगितले. सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या, कागद वाचला आणि म्हणाल्या, “हे तिन्ही एकदम सोडायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. आज कुठले सोडता येईल तेवढे बघा.” बराच वेळ बसून मी तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. पहिल्या ओळीचे प्रकरण न्यायालयात आहे आणि ते तिथेच राहील. दुसऱ्या ओळीवर अजून रेघ मारलेली नाही, आणि कागद मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे.

क्षमा केली म्हणजे न्याय मागायचा नाही असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे, आणि त्यावर या शिबिरात स्पष्ट बोलले गेले, ही मोठी जमेची बाजू. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे मिशनरी पती ग्रॅहॅम आणि दोन लहान मुले जिवंत जाळली गेल्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या पुढे काही वर्षे कुष्ठरुग्णांच्या सेवेत ओडिशातच राहिल्या. खटला मात्र चालू राहिला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. सिस्टर राणी मारिया यांची कथाही सांगितली गेली. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या या धर्मभगिनीचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात खून झाला. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये मारेकरी समंदर सिंग याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. या दोन घटनांमध्ये सात वर्षे गेली आहेत, हे कथा सांगताना बहुधा गाळले जाते. फादरांनी ते गाळले नाही. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर २५ जणांसह क्रुसावर मारला गेला, आणि त्याच टेकडीवर त्यांच्यापैकीच पॉल मिकी या जपानी धर्मबंधूने क्रुसावरून मारणाऱ्यांना क्षमा केली, याचाही उल्लेख झाला, पण तो ओझरता होता. ज्या गावात दरवर्षी या संताचा सण होतो, तिथे यावर एक पूर्ण सत्र ठेवायला हवे होते.

आता उणिवेबद्दल. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीने क्षमा कशी करायची, असा प्रश्न एका बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. क्षमा म्हणजे मार खात राहणे नव्हे, असे उत्तर मिळाले, आणि ते बरोबरच आहे. परंतु एवढ्या गंभीर प्रश्नाला एका वाक्यात उरकले गेले. घरातील हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि आधी सुरक्षित जागी जाऊन मग क्षमेचा विचार करण्यात श्रद्धेला कोणतीही बाधा येत नाही, हे सभागृहात मोठ्याने सांगितले जायला हवे होते. धर्मगुरूच्या तोंडून असे काही ऐकू यावे म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या बायका आपल्या धर्मग्रामात आहेत. ‘तुझा भाऊ अपराध करील तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर’ असे लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दोष दाखवण्याची ही पायरी शिबिरात जवळजवळ वगळलीच गेली.

दुसऱ्या रात्रीची प्रायश्चित्त संस्काराची व्यवस्था मात्र नीट होती. बाहेरगावचे दोन फादर मुद्दाम बोलावले होते, त्यामुळे आपल्या ओळखीच्या धर्मगुरूसमोर पापनिवेदन करण्याचा संकोच उरला नाही, आणि रांग लांबली तरी कोणालाही घाईने उठवले नाही. जेवण साधे आणि चवीचे होते. खोल्यांत डासांचा त्रास आहे, मच्छरदाणी मागून घ्यावी. वसई रोड स्थानकावरून बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

शिबिरानंतर पुढे काय, याची आयोजकांकडे काहीच योजना नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. तीन दिवसांनी माणूस त्याच वाडीत, त्याच बांधाशेजारी परततो, आणि समोरच्या माणसाने हे शिबिर केलेले नसते. महिन्याभराने शिबिरार्थींना पुन्हा एकत्र बोलवावे, आणि दोन्ही बाजू तयार असतील तिथे मध्यस्थीसाठी सिस्टरांनी किंवा धर्मग्रामातील एखाद्या जाणत्या माणसाने वेळ द्यावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले आहे. ज्यांचा राग ताजा आहे, ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी आधी सिस्टरांना स्वतंत्र भेटून मगच नाव नोंदवावे, कारण सामूहिक सत्रांत तितका वेळ एकेकाला मिळत नाही. ज्यांचा राग जुना आहे, आणि जे क्षमेची प्रवचने ऐकून कंटाळले आहेत, त्यांनी मात्र दुसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी तरी अवश्य जावे, आणि एकच दिवस येण्याची परवानगी मिळते का, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे.