सिरॅमिक स्कॅफोल्डवर लेप कोणता? जिलेटिन, पीसीएल की बायोग्लास

हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा स्कॅफोल्ड, म्हणजे नवं हाड वाढावं म्हणून बसवायचा सच्छिद्र सिरॅमिक सांगाडा, १२०० अंशांना भाजून निघाला, तरी चिमटीत धरला की कडा भुरभुरतात. हाडातल्याच खनिजाच्या जातीचा, म्हणून शरीराला परका वाटत नाही. पण फार ठिसूळ. म्हणून लेप. जळगाव-धुळ्याकडची एमएस्सीची मुलं प्रकल्पाला बसली की विचारतात, "सर, कुठला घेऊ?"

आधी छिद्रांचं बघा. केळीच्या बागेत ड्रिपर क्षाराने चोंदले, की मोटार चालू असूनही झाड तहानलेलंच. इथेही तसंच. साधारण १०० ते ५०० मायक्रॉनची, एकमेकांत उघडणारी छिद्रं मोकळी राहिली तरच पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. लेप जाड झाला की सगळी मेहनत वाया.

मजबुती हवी तर पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन. हा प्लास्टिकसारखा पॉलिमर बारीक भेगांत शिरतो आणि भेग वाढू लागली की तिचे दोन्ही काठ धरून ठेवतो. पण तो पाण्याला जवळ करत नाही, पेशी पटकन चिकटत नाहीत, आणि शरीरात विरायला दोनेक वर्षं घेतो. शिवाय बहुतेक वेळा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवावा लागतो. विषारी वाफ ओढून घेणारा फ्यूम हूड नसेल तर हात घालू नका.

पेशींसाठी जिलेटिन सरस. ते कोलॅजनपासूनच निघतं, पेशींना धरायच्या जागा त्यात आयत्या असतात. अडचण उष्णतेची. आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात जेल गोठतच नव्हतं. भांडं तिरकं केलं की पातळ वरणासारखं वाहायचं. क्रॉसलिंक न करता, म्हणजे त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना न बांधता, शरीरातल्या ३७ अंशांना ते टिकणार कसं? त्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त, पण उरलेला अंश पेशींना मारतो. जेनिपिन महाग, मात्र बरंच सौम्य. जिलेटिन गडद निळं झालं की काम झाल्याचं डोळ्यांनाच दिसतं.

बायोग्लास ही खास काच १९६९ मध्ये अमेरिकी संशोधक लॅरी हेंच यांनी शोधली. शरीरद्रवात तिच्यावर अ‍ॅपटाइटचा थर चढतो आणि ती हाडाशी सांधते. पण ती स्वतःच काच, ठिसूळपणा जात नाही. भाजताना स्फटिक बनले की तिची हाडाशी सांधण्याची क्रियाही मंदावते.

पहिलाच प्रकल्प असेल तर माझं मत पातळ जिलेटिन आणि जेनिपिन. तुकडे हाताळतानाच मोडत असतील, तर आधी पीसीएलचा हलका हात, त्यावर जिलेटिन. मांडीच्या हाडासारखा भार पेलायचा असेल, तर नुसत्या लेपावर भिस्त ठेवू नका.

लेपाआधी आणि नंतर वजन करा, म्हणजे लेप किती बसला ते कळेल. मग वरून रंगीत पाण्याचा थेंब सोडा. तो खालच्या टिपकागदावर उमटला नाही, तर द्रावण आणखी पातळ करा.