जुन्या संगणकासाठी साउंड कार्ड: साउंड ब्लास्टर १६ की 'प्रो'शी सुसंगत कार्ड?

डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळातील संगणक पुन्हा चालता करणाऱ्याची सर्वाधिक फसगत 'साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल' (क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टर कार्डांशी सुसंगत) या शब्दांनी होते, कारण त्यांच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात: यामाहाच्या ओपीएल चिपवर वाजणारे एफएम (लहरींतून कृत्रिमरीत्या घडवलेले) संगीत, ध्वनिमुद्रित केलेले डिजिटल आवाज आणि बाहेरच्या वाद्ययंत्राशी बोलणारे मिडी. एखादे कार्ड यांपैकी एकात निर्दोष आणि दुसऱ्यात लंगडे असू शकते.

आधी मदरबोर्डवरील स्लॉट पाहावा. एक्सटी वर्गाच्या (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीसारख्या) यंत्रात केवळ ८-बिट आयएसए (जुन्या पद्धतीचे कार्ड बसवण्याचे) स्लॉट असतात, त्यामुळे तेथे १९८७ चे ॲडलिब किंवा १९८९ पासूनची मूळ साउंड ब्लास्टर कार्डे यांपलीकडे फार विचार करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न ३८६ पासून पेंटियमपर्यंतच्या प्रोसेसरांच्या यंत्रांचा आहे.

अशा यंत्रासाठी बहुतेकांचा हात आधी साउंड ब्लास्टर १६ कडे जातो. १९९२ मध्ये आलेले हे कार्ड १६-बिट स्टिरिओ आवाज ४४.१ किलोहर्ट्झला वाजवते, तर १९९१ चे साउंड ब्लास्टर प्रो ८-बिटचे असून स्टिरिओत २२.०५ किलोहर्ट्झवर थांबते. कागदावर निकाल स्पष्ट दिसतो. पण प्रोची स्टिरिओ पद्धत १६ ला कळत नाही, आणि म्हणून केवळ प्रोसाठी लिहिलेल्या खेळांतील डिजिटल आवाज त्यावर मोनो ऐकू येतात. शिवाय १६-बिट क्षमतेचा उपयोग वाटतो तितक्या वेळा होत नाही: १९९३ च्या 'डूम'मधील आवाजसुद्धा ८-बिट आणि सुमारे ११ किलोहर्ट्झचेच आहेत.

साउंड ब्लास्टर १६ च्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्या एकसारख्या नाहीत, ही त्याची दुसरी अडचण. ज्यांच्या डीएसपीची (कार्डावरील ध्वनिप्रक्रिया चिपची) आवृत्ती ४.११ ते ४.१३ आहे, त्या कार्डांना बाह्य मिडी यंत्र किंवा वेव्हटेबल बोर्ड (वाद्यांचे ध्वनिनमुने साठवलेले जोडकार्ड) जोडल्यास एखादा स्वर मध्येच अडकून अखंड वाजत राहतो. उत्तरार्धातील काही कार्डांवर यामाहाच्या खऱ्या ओपीएल३ चिपऐवजी सीक्यूएम नावाची नक्कल आहे. तिच्यात ओळखीच्या सुरावटींना धातूसारखी किणकिण येते आणि ती एकदा कानाला जाणवली की दुर्लक्षिता येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी कार्डाचे छायाचित्र मागवून त्यावर वायएमएफ२६२ ही यामाहाची ओपीएल३ चिप किंवा ओपीएल३ सामावून घेणारी सीटी१७४७ ही चिप आहे का, ते तपासावे.

याउलट यामाहाची वायएमएफ७१९ चिप असलेली साधी, बिननावाची कार्डे खरा ओपीएल३ देतात, प्रोशी सुसंगत असतात आणि त्यांच्या मिडीत स्वर अडकण्याचा दोष नाही. १६-बिट आवाज हवाच असेल, तर विंडोज साउंड सिस्टीमची (मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या ध्वनिमानकाची) सोय असलेल्या खेळांत तोही मिळतो. ईएसएसचे ऑडिओड्राइव्ह ईएस१८६८ हा जवळचा पर्याय आहे. त्याचा ईएसएफएम हा ओपीएल३ शी सुसंगत असला तरी स्वराचा पोत किंचित वेगळा येतो. डॉसचे खेळ हाच मुख्य हेतू असेल, तर माझे मत नि:संशय वायएमएफ७१९ च्या बाजूने आहे. साउंड ब्लास्टर १६ तेव्हाच घ्यावे, जेव्हा हव्या असलेल्या खेळांच्या सेटअपमध्ये त्याचे नाव स्वतंत्रपणे दिलेले असते.

ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडची गोष्ट निराळी. १९९२ च्या या कार्डात ओपीएल नाहीच. ध्वनीचे नमुने स्वतःच्या मेमरीत साठवून ते ३२ आवाज एकत्र मिसळते, आणि साउंड ब्लास्टरचे सोंग त्याला सॉफ्टवेअरच्या आधारे घ्यावे लागते, जे अनेकदा उघडे पडते. ज्यांना ते हवेसे वाटते त्यांनी ते दुसरे कार्ड म्हणून बसवावे आणि दोघांचे पत्ते (प्रोसेसर कार्डाशी बोलतो ते क्रमांक), आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इंटरप्टचा क्रमांक) व डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीची वाहिनी) वेगळे ठेवावेत. पीसीआय (आयएसएनंतर आलेल्या स्लॉटची) कार्डे शक्यतो टाळावीत, कारण डॉसचे खेळ आयएसएच्या डीएमए नियंत्रकाशी थेट बोलतात आणि पीसीआय कार्डाला तेथे नकलेचा आधार घ्यावा लागतो. मदरबोर्डवर एसबी-लिंकची (पीसीआय कार्डाला डीएमएचे जुने संकेत पुरवणारी) जोडणी असेल, तर यामाहाचे वायएमएफ७२४ हा मात्र सन्माननीय अपवाद ठरतो.

कार्ड कोणतेही घेतले तरी जुळवणीचा प्रश्न उरतो. जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असलेल्या कार्डावर पत्ता आणि आयआरक्यू हातानेच ठरतात, तर प्लग अँड प्ले कार्डाला डॉस सुरू होताना एक छोटा प्रोग्राम चालवून जागे करावे लागते. पत्ता २२० आणि डीएमए १ हे आकडे जवळजवळ सर्वत्र चालतात. आयआरक्यूबाबत मात्र थोडे थांबावे. नंतरच्या कार्डांचा कल ५ कडे असला, तरी सुरुवातीची साउंड ब्लास्टर ७ वर येत असत, आणि त्या काळातील काही खेळ ७ सोडून दुसरे काही विचारातच घेत नाहीत. ७ हा क्रमांक प्रिंटरच्या पोर्टचाही आहे, परंतु डॉसमधील छपाईला सहसा त्या इंटरप्टची गरज पडत नसल्याने तो साउंड कार्डाला देण्यास हरकत नसते.