लॉगबुकावर सह्या आधीच होत्या

मी घेतलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या घरबसल्या कोर्सचं लॉगबुक, म्हणजे इंटर्नशिपच्या तासांची नोंदवही, कुरिअरने आलं. उघडलं, तर प्रत्येक पानाच्या तळाशी सुपरव्हायझरची सही आधीच केलेली होती. तारीख कोरी, क्लायंटची माहिती कोरी, काय चर्चा झाली तो रकाना कोरा, आणि खाली निळ्या शाईत सही. मी लगेच फोन केला. समन्वयक बाई म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमचाच वेळ वाचावा म्हणून केलंय. तुम्ही फक्त तास भरत जा."

मला तेव्हाच खटकलं होतं. तरी गप्प बसले, कारण तोवर फीचे तीन हप्ते गेले होते आणि नातेवाइकांत सांगून झालं होतं की दोन वर्षांत मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर चाचण्या आणि थेरपी करणारी तज्ज्ञ, होणार.

मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, थेरपिस्ट व्हायची मनापासून इच्छा असलेल्या आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा एकदा-दोनदा हुकलेल्या मुलामुलींनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. अशा वेळी माणूस हळवा झालेला असतो आणि नेमका तिथेच गळ टाकला जातो. माझ्यासमोर तो एका वेबिनारमध्ये आला. प्रवेश परीक्षा नाही, नोकरी सांभाळून शिका, घरबसल्या इंटर्नशिप, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'जागतिक मान्यता, कुठल्याही देशात प्रॅक्टिस करा'. सोबत सोनेरी शिक्का. मी अगदीच डोळे झाकून पैसे भरले नाहीत. शिक्का देणाऱ्या संस्थेची वेबसाइट शोधली, ती होती, म्हणून समाधान मानलं. त्या संस्थेने मान्यता दिलेल्या चारही ठिकाणांचा पत्ता एकच आहे, हे मात्र वर्षभराने पाहिलं.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर मी वाचले असते. क्लिनिकल सायकॉलॉजीत सगळ्या देशांत चालणारं लायसन्स असं काही नसतंच. भारतात १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा तज्ज्ञांच्या नोंदणीचं काम आहे. परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण पूर्ण केल्यावर तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या यादीत असल्याशिवाय ते लावता येत नाही. अमेरिकेत साधारणपणे डॉक्टरेट लागते आणि लायसन्स प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. एका राज्याचं दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. मग एक खाजगी संस्था साऱ्या जगाची मान्यता कुठून आणणार?

शब्दांचा खेळही नीट बघा. जाहिरातीत 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलं होतं. प्रमाणपत्राचा नमुना मागून घेतला, तर त्यावर 'क्लिनिकल थेरपी प्रॅक्टिशनर'. विचारल्यावर उत्तर आलं, "एकच आहे हो ते." एकच नाही. ब्रिटनमध्येच पाहा, 'थेरपिस्ट' किंवा 'काउन्सेलर' या शब्दांना तिथे तसं कायद्याचं संरक्षण नाही, आणि असल्या संस्था अशा फटीतूनच आत शिरतात.

शिकवणं म्हणाल, तर रेकॉर्ड केलेली लेक्चरं आणि पीडीएफ. रोर्शाक या शाईच्या डागांच्या चाचणीची दहाही कार्डं मी स्लाइडवर पाहिली. एकही हातात घेतलं नाही, कोणासमोर ठेवलं नाही, समोरच्याने दिलेल्या एकाही उत्तराचं स्कोअरिंग केलं नाही. केस हिस्टरी कशी घ्यायची ते वाचलं, पण माझी केस हिस्टरी कोणी लाल शाईने खोडून परत दिली नाही. १९४९ साली अमेरिकेत बोल्डरच्या परिषदेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला संशोधन आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही शिकवायचं ठरलं, हे आम्हाला परीक्षेत विचारलं होतं. आम्हाला मात्र त्यातलं काहीच मिळत नव्हतं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण मला आजही रात्री जागं ठेवतं ते वेगळंच.

'इंटर्नशिप' म्हणून त्यांनी आम्हाला थेट क्लायंट दिले, व्हिडिओ कॉलवर. त्या लोकांना सांगितलं होतं की अनुभवी तज्ज्ञ बोलतील. त्यातल्या एका व्यक्तीबद्दल ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही. सातव्या सेशनला ती व्यक्ती फार शांत होती. म्हणाली, "आता सगळं आवरून ठेवलंय." त्या 'आवरून' शब्दाने माझ्या पोटात गोळा आला. आत्महत्येबद्दल सरळ विचारावं, विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही, एवढं मी वाचलेलं होतं. विचारलं. उत्तर 'हो' आलं.

त्यानंतर काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. कॉल चालू ठेवून सुपरव्हायझरना मेसेज केला. पोचल्याची खूण दिसली, उत्तर नाही. समन्वयक बाईंना दुसऱ्या फोनवरून विचारलं, तर "सर कॉन्फरन्समध्ये आहेत, मेल टाकून ठेवा." शेवटी त्या व्यक्तीला विचारून तिच्या बहिणीचा नंबर घेतला आणि बहीण दारात पोचेपर्यंत कॉलवर बोलत राहिले. त्याच रात्री त्या दोघी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्या.

सुपरव्हायझरचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. "गुड वर्क. लॉगबुकमध्ये २ तास लिहा."

मी त्यांचं नाव परिषदेच्या नोंदवहीत शोधायला बसले ते त्या दिवशी. वर्षभर आधी बसायला हवं होतं. नाव नव्हतं. स्पेलिंग बदलून पाहिलं, आडनाव आधी घालून पाहिलं, तरीही नव्हतं.

फी परत मागितली तेव्हा करारातलं कलम दाखवलं गेलं: अभ्याससाहित्य एकदा उघडलं की परतावा नाही. दुसऱ्या दिवशी मला बॅचच्या ग्रुपमधून काढून टाकलं. तक्रार केली आहे, अजून निकाल नाही. सगळे मेसेज, पावत्या आणि ते लॉगबुक जपून ठेवलंय. बाकीच्या क्लायंटना मी एकेक करून फोन केले, मी नोंदणीकृत नाही हे सांगितलं आणि नोंदणीकृत तज्ज्ञांची नावं दिली. एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी तुम्हाला जे सांगितलं ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं." मी माफी मागितली. त्यापलीकडे माझ्याकडे काहीच नव्हतं.

पैसे भरण्याआधी सोनेरी शिक्का सोडा आणि तुम्हाला जिथे काम करायचंय त्या देशाच्या नियामक संस्थेची यादी स्वतः उघडा. तीही तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची, कारण मान्यता ठरावीक वर्षांपुरती असू शकते आणि जुनं पत्र दाखवून वर्षानुवर्षं प्रवेश दिले जातात. सुपरव्हायझरचा नोंदणी क्रमांक मागा. तो द्यायला का-कू झाली तर तिथेच उठा. आधीच्या बॅचमधल्या किती जणांचं नाव नोंदवहीत लागलं ते विचारा, आणि त्यातल्या दोघांशी संस्थेच्या माणसाला मध्ये न घेता बोला. प्रमाणपत्रावरचे नेमके शब्द आधी पाहा. घाई करणाऱ्याला, 'आज रात्री बारापर्यंतच सवलत' म्हणणाऱ्याला, पैसे देऊ नका.

मी पुन्हा प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. मागच्या महिन्यात एका मान्यताप्राप्त विभागात चौकशीला गेले होते. तिथल्या प्राध्यापिकांना विचारलं, "मॅडम, विद्यार्थ्यांच्या सेशनच्या नोंदी नक्की कोण वाचतं?" त्यांनी मागच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे सुपरव्हायझरचं नाव, वार आणि वेळ. एका नावापुढे पेन्सिलने लिहिलेलं होतं, 'तिसरं सेशन पुन्हा ऐकायचं, सोबत बसून.' मी ते दोनदा वाचलं आणि अर्ज मागितला.