आधी काय शिकवावं: मशीनखालचा कागद की हातातले षटकोन?

पेपर पीसिंगचा, म्हणजे कागदाच्या आधाराने कापडाचे तुकडे जोडण्याचा, वर्ग घ्यायचं ठरवलंत की पहिला प्रश्न हाच: कोणतं पेपर पीसिंग? नावात कागद दोन्हीकडे आहे, बाकी स्वभाव वेगळे. फाउंडेशन पेपर पीसिंगमध्ये नमुना कागदावर छापलेला असतो. कापड मागच्या कोऱ्या बाजूला धरायचं, छापलेल्या रेघेवरून मशीनची टीप मारायची आणि शेवटी कागद फाडून काढायचा. इंग्लिश पेपर पीसिंगमध्ये जाड कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग काठाला काठ लावून हाताने जोडत जायचं. हा प्रकार फार जुना. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डकडे, म्हणजे तिथल्या गोधडीकारांच्या संघटनेकडे, १७१८ हे साल शिवलेली रेशमी चादर आहे, तीही कागदावर बेतलेल्या तुकड्यांची.

मी दोन्ही शिकवते. तीन तासांत प्रत्येकीच्या हातात काहीतरी पुरं झालेलं हवं असेल तर मशीनचा कागद घ्या. गोल फिरणाऱ्या हंसांचा, म्हणजे त्रिकोणांच्या रांगेचा, पाव भाग नवशिकीचाही होतो आणि टोकं धारदार येतात. मात्र हा नेमकेपणा कागदाचा असतो, त्यामुळे सगळ्यांचे नमुने रेषेला सारखेच. फरक पडतो तो कापडाने. मागच्या वर्गात एकीने जांभळी आणि गर्द हिरवी खणाची कापडं आणली होती. हातात घेतल्यावर बघत राहावं अशी, पण शिवल्यावर हंस दिसेचनात, कारण दोन्ही रंग सारखेच गडद. शेजारणीने जुनी पांढरी चादर आणि विटलेला निळा कुर्ता कापला होता. तिचे हंस दारातून दिसत होते. तेव्हापासून कात्री लावण्याआधी मी सगळ्यांना कापडांचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायला लावते.

त्रासही याच प्रकारात जास्त. झेरॉक्सवाला ‘फिट टू पेज’ ठेवतो आणि नमुना आक्रसतो, म्हणून कागदावर एक इंचाचा चौकोन छापून तो पट्टीने मोजा. नमुना सुलट बाजूने आरशातल्यासारखा उलटा येतो, हे तीनदा सांगूनही कुणीतरी फसतंच. तुकडा उलटल्यावर कोपऱ्यात पुरला नाही तर उसवणं आलं, आणि कागद सहज फाटावा म्हणून टाका दीड मिलिमीटरचा ठेवलेला असतो. तो उसवताना शिकणारीचा चेहरा बघवत नाही. कापडही बरंच वाया जातं, खणाच्या बुट्ट्या वाटेल त्या दिशेला वळतात.

षटकोनांना मशीन, प्लग काही लागत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून जमतं. वर्गात फार तर सात षटकोनांचं एक फूल होतं. बाकीचं चार-सहा महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतं किंवा दिसत नाही. पण खरी गंमत इथे आहे. एकीने प्रत्येक षटकोनाच्या मधोमध नेमकी एक बुट्टी बसवली आणि फुलात चांदण्या उमटल्या. उभा जन्म गोधड्या शिवलेल्या एका आजींचे जोडाचे टाके मात्र ठसठशीत वर दिसत होते. बारीक घ्यायला सांगितल्यावर म्हणाल्या, “अगं, दिसायलाच हवेत की टाके!” मी गप्प बसले. त्यांचं फूल सगळ्यांत देखणं होतं.

सहा मशीन आणि तितके प्लग असतील तर हंस, नाहीतर निमूट षटकोन. मला विचाराल तर पहिल्या वर्गाला षटकोनच. त्यासाठी लग्नपत्रिका जमवायला लागा, त्यांचा कागद अगदी बेताचा जाड असतो. आठ जणींचे छप्पन्न होतात, एक-दोन हरवणारच, म्हणून साठ कापा. सोनेरी छपाईच्या पत्रिका तेवढ्या बाजूला ठेवा. इस्त्री फिरवल्यावर माझ्या पांढऱ्या कापडावर कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा गणपती उमटला होता.