तीन महिने क्लास, आठ महिने कुळागराची वही: स्प्रेडशीट शिकल्यानंतरचा अनुभव

क्लास संपला त्याच आठवड्यात हे लिहायला बसले होते. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते, कारण सर्टिफिकेट हातात होतं आणि व्हीलूकअप (तक्त्यात एक नाव शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला) न अडखळता येत होतं. आता आठ महिने उलटलेत. या आठ महिन्यांत व्हीलूकअप मी एकदाच वापरलंय, तेही गरज नसताना, फक्त विसरले नाही ना हे बघायला.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मराठी. राहते गोव्यात, सावईवेऱ्याकडे, कॉलेज फोंड्याला. क्लासही फोंड्यातच होता. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि सर माणूस चांगले आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, जुलै ते सप्टेंबर, मध्ये चवथीची सुट्टी. मराठीच्या विद्यार्थिनीला एक्सेल कशाला, असं घरी-दारी सगळ्यांनी विचारून झालं. खरं उत्तर असं की नोकरीच्या जाहिरातीत ‘संगणकाचं ज्ञान आवश्यक’ असतं आणि मला फक्त टायपिंग येत होतं.

क्लासबद्दल आधी चांगलं सांगते. सर बटणांची नावं इंग्रजीत सांगायचे, पण समजावायचे कोंकणीत. फॉर्म्युला खाली ओढला की सेलचा, म्हणजे तक्त्यातल्या चौकटीचा, पत्ता सरकत जातो आणि एक ठरावीक सेल जागेवर ठेवायचा असेल तर डॉलरचं चिन्ह लावायचं, हे पुस्तकात अर्धं पान वाचून मला कळलं नव्हतं. सर फळ्यावर गेले, एक चौकोन काढला आणि म्हणाले, “डॉलर म्हळ्यार खिळो.” खिळा ठोकला की चौकट हलत नाही. एका डॉलरने फक्त स्तंभ किंवा फक्त ओळ पक्की होते, दोन्ही पक्क्या करायच्या तर दोन खिळे. एफ-४ दाबलं की खिळे आपोआप ठोकले जातात. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसरी चांगली गोष्ट पावसाने शिकवली. जुलैत वीज जायची, इन्व्हर्टर दहा मिनिटं दम धरायचा आणि मग सगळे पडदे काळे. पहिल्या आठवड्यात माझा पाऊण तासाचा तक्ता असाच गेला. एक्सेल दर दहा मिनिटांनी स्वतःहून एक प्रत बाजूला ठेवतं, पण त्या दहा मिनिटांत तुम्ही काय काय केलंत ते तुमचं तुम्हाला. तेव्हापासून डावा हात दर दोन-तीन ओळींनी कंट्रोल-एसकडे जातो. सरांचा वर्गात शिरतानाचा पहिला प्रश्नही तोच असायचा: “सेव्ह केलें?”

आता तक्रारी. छापील नोट्समधली चित्रं इतकी जुनी की त्यातला मेनू आमच्या पडद्यावर सापडतच नव्हता. सरावाच्या फाइली जुन्या एक्सएलएस प्रकारातल्या. आणि पहिले तीन आठवडे गेले रंग, बॉर्डर, फॉन्ट आणि ‘मर्ज अँड सेंटर’ (शेजारचे सेल जोडून मजकूर मध्यभागी आणणं) यात. तक्ता देखणा दिसला पाहिजे, सगळे आकडे मध्यभागी आले पाहिजेत, यावर भारी कटाक्ष. परीक्षेत तर ‘एका शीटमध्ये किती ओळी असतात?’ असा प्रश्न आला. उत्तर १०,४८,५७६. दोन गुण मिळाले. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, “आपल्याकडे माड किती?”

(परीक्षेतल्या त्या प्रश्नाला मी खूप हसले होते, पण पुढे वाचनात आलं की जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात, आणि २०२० साली इंग्लंडमध्ये नेमकं त्यामुळेच जवळपास १६ हजार कोविड रुग्ण सरकारी आकड्यांतून गळले. फाइल भरली, उरलेली माणसं बाहेर राहिली. तेव्हा प्रश्न वाईट नव्हता, त्याचं कारण कोणी सांगितलं नाही हे वाईट.)

खरा वापर सुरू झाला ऑक्टोबरात. आमचं लहानसं कुळागर आहे: पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल, दोन-चार फणस. त्याचा सगळा हिशेब बाबांच्या वहीत. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण वही मराठीत, कारण बाबांची शाळा मराठी. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढे नेले’ आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. एका पानावर बेरीज चुकली की पुढची सगळी पानं चुकतात आणि बाबा रात्री चष्मा लावून खोडत बसतात. जगातलं पहिलं संगणकी स्प्रेडशीट, १९७९ सालचं व्हिसिकॅल्क, याच त्रासातून सुचलं होतं. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये शिकत असताना त्याचे प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत लिहायचे. ब्रिकलिनला फळ्यासमोर जे वाटलं असेल ते मला वहीसमोर वाटलं. म्हटलं, हे आपण करू.

आणि पहिले चार महिने मी ते साफ चुकीचं केलं.

क्लासमध्ये शिकवलं तसंच केलं, हे आधी नोंदवते. ऑक्टोबरची वेगळी शीट, नोव्हेंबरची वेगळी. वर मर्ज केलेलं हिरवं शीर्षक. नारळाचा एक तक्ता, शेजारी सुपारीचा, खाली मजुरी. आतेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर ते इतकं सुंदर दिसत होतं की आईने शेजारणीला बोलावून दाखवलं. जानेवारी संपताना बाबांनी साधा प्रश्न विचारला, नारळाचे एकूण किती झाले आणि पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, किती गेले. मी अर्धा तास चार शीटमधून आकडे उचलून कागदावर लिहीत होते. बाबांनी तोवर वहीत बघून सांगितलंसुद्धा.

मर्ज केलेल्या सेलमुळे तारखेप्रमाणे लावायला गेले तर एक्सेल नकार देत होतं. तेव्हा एका रात्री सगळं मोडलं आणि एकच लांब यादी केली. एक व्यवहार, एक ओळ. स्तंभ सात: तारीख, काय, किती, दर, कोण, जमा की खर्च, शेरा. दिसायला अगदी भिकार. पण या यादीवर पिव्हट टेबल (यादीची हवी तशी गटवार बेरीज करून देणारा तक्ता) टाकलं की ‘महिन्याप्रमाणे नारळ’, ‘माणसाप्रमाणे येणं’, ‘मजुरी वजा जाता’, जे हवं ते दहा सेकंदांत मिळतं. पिव्हट टेबल क्लासमध्ये शेवटच्या दिवशी वीस मिनिटांत उरकलं होतं. व्हीलूकअपला तीन तास. हे प्रमाण उलटं असायला हवं होतं, आणि ‘एक व्यवहार, एक ओळ’ हे वाक्य पहिल्या दिवशी फळ्यावर हवं होतं.

तारखांचं तर रामायणच झालं. लॅपटॉपचा प्रदेश अमेरिकेवर ठेवलेला होता. मी ५/११ टाइप केलं की ते पाच नोव्हेंबर न धरता अकरा मे धरायचं. २३/११ टाइप केलं की तेवीसावा महिना नसल्याने ते तारीखच मानायचं नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवायचं. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारखाच नाहीत. हे ओळखायची एक सोपी खूण असते: आकडे आणि तारखा सेलमध्ये आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. नजर टाकली की कळतं. पण मी सगळं मध्यभागी आणलं होतं ना! शिस्तीत, तीन आठवडे शिकून. तशीच गंमत ‘किती’च्या स्तंभात. दोन-तीन ठिकाणी मी ‘१२० नग’ असं लिहिलं होतं. ‘सम’ला तो मजकूर वाटतो, ते काही न बोलता वगळतं, आणि बेरीज कमी येते. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही. फक्त नारळ कमी होतात. आमच्याकडे नारळ कमी झाले की आधी माकडांवर संशय जातो.

विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत केल्यावर दोन रोग एकाच गोळीत गेले: तारखा दिवस-महिना-वर्ष झाल्या आणि १००,०००च्या जागी १,००,००० दिसायला लागलं. मात्र आधी चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत; त्या वही घेऊन एकेक करून बदलाव्या लागल्या. नवीन शिकणाऱ्याने पहिल्या फॉर्म्युल्याच्याही आधी हे सेटिंग बघावं.

तारीख म्हणजे एक्सेलच्या पोटात नुसता आकडा असतो, हेही त्या भानगडीत कळलं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून मोजत यायचं. गंमत म्हणून १९/१२/१९६१ टाइप करून त्याचं रूप साध्या आकड्याचं केलं. गोवा मुक्त झाला तो दिवस एक्सेलच्या लेखी २२६३४. या मोजणीत एक दिवस खोटा आहे: १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० धरतं. जुन्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्याशी जुळावं म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच घेतली. बाबांना हे फार आवडलं. एवढ्या मोठ्या कंपनीनेही ‘मागील पानावरून’ चूक पुढे नेली म्हणाले.

‘काय’ या स्तंभात मी कधी ‘नारळ’, कधी ‘नारळ’ आणि पुढे एक रिकामी जागा, कधी ‘नारळ (फुटके)’ असं लिहीत होते. पिव्हटमध्ये तीन वेगळे नारळ उगवले. डेटा व्हॅलिडेशन वापरून त्या स्तंभाला ठरावीक शब्दांची यादी लावली, तेव्हा ते थांबलं. हे क्लासमध्ये नव्हतंच.

पण काही प्रश्न कुठल्याच बटणात नव्हते. सुपारी उतरवली त्या दिवशी लिहायची की विकली त्या दिवशी? मध्ये ती महिना-दीड महिना वाळते, वजन घटतं, काही खराब निघते. मी दोन ओळी करते: एक उतरवल्याची, दराशिवाय, एक विकल्याची. बाबा पूर्वीपासून तसंच करत होते, फक्त पहिली नोंद ते पेन्सिलने लिहायचे. ‘शेरा’ हा स्तंभसुद्धा वहीतून आला. मी तो आधी घेतला नव्हता, कारण त्याची बेरीज होत नाही. वहीत मात्र ‘पावसात भिजली’, ‘पाडेली एकटाच आला’, ‘गाडी मिळाली नाही’ असं कोपऱ्यात लिहिलेलं असायचं. फेब्रुवारीत केळ्यांचा दर अचानक अर्धा का दिसतो, याचं उत्तर पिव्हटने दिलं नसतं, शेऱ्यात होतं.

शीटने काही नवीन सांगितलं का? प्रामाणिकपणे, फार कमी. केळ्यांना बाजारात नेण्याचं भाडं जवळजवळ केळी खाऊन टाकतं, हे मी मोठ्या थाटात आलेख काढून दाखवलं. बाबा म्हणाले, “ठाऊक आहे की.” एकच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाकडची उधारी वहीच्या अकरा पानांवर विखुरली होती, थोडी थोडी. ‘सम-इफ्स’ने, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या फॉर्म्युल्याने, ती एका ओळीत आणली. आकडा बघून बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “आपलाच माणूस आहे.” ते पैसे अजून यायचे आहेत. त्याला एक्सेल काय करणार.

क्लास घ्यावा का, असं मैत्रिणी विचारतात. कीबोर्डचीच भीती वाटत असेल तर जरूर घ्यावा. शेजारी बसून खिळा ठोकून दाखवणारं कोणीतरी लागतं. फी मला महाग वाटली नाही, तीन महिने जास्त वाटले. सहा आठवड्यांत झालं असतं. एक्सेल विकत घ्यायची घाई नको. माझी एक मैत्रीण फुकटच्या लिब्रेऑफिस कॅल्कवर हेच सगळं करते, बटणं थोडी इकडेतिकडे, एवढंच. आणि सरावाला सरांच्या मार्कांच्या फाइली घेऊ नका, त्यात राम आणि श्याम नेहमी पास होतात. घरची एखादी वही न्या. सर नाही म्हणणार नाहीत; मी विचारलंच नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी बाबांनी पूर्ण यादीचा प्रिंट मागितला. २१४ ओळी, पडद्यावर शीर्षकाची ओळ जागेवर धरून ठेवणाऱ्या फ्रीझ पेन्सचा कागदावर काही उपयोग नाही हे तेव्हा कळलं, प्रत्येक पानावर शीर्षक यायला वेगळं सेटिंग शोधावं लागलं. बाबांनी ती पानं कापून वहीत गोंदाने चिकटवली. दोन दिवसांनी बघते तर एका ओळीवर पेन्सिलने काट मारून ३१२च्या जागी ३२१ लिहिलं होतं. जुनं पान काढून बघितलं. मीच उलटं टाइप केलं होतं. फाइल उघडली, आकडा बदलला, खालची बेरीज बदलली. कंट्रोल-एस.